कागदावरचा नकाशा आणि पेटीतली तार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय कार्यक्रमपत्रिकेत 'उद्योगसंस्थांमधील नवोपक्रमांचे व्यवस्थापन व धोरणाची अंमलबजावणी' असा छापलेला आहे. पत्रिका हातात पडली तेव्हा आम्ही आयोजकांना म्हटले, अहो, हा विषय एखाद्या प्राध्यापकांना द्यायचा सोडून आम्हाला कसा दिला? आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर ते म्हणाले, प्राध्यापक काल बोलून गेले. ज्यांच्या अंगावर अंमलबजावणी येऊन पडते त्यांनी आज बोलावे. हे आम्हाला पटले, म्हणून आम्ही येथे उभे आहोत. पुस्तकातले काही सांगता येणार नाही. रेल्वेतले सांगू. तुमच्यापैकी कुणी बँकेत आहे, कुणी बंदरात, कुणी कोळसा खाणीत. आपापल्या ठिकाणचा हिशेब आपण मनात लावून पाहावा.

आम्ही १९८९ साली सिग्नल खात्यात खलाशी म्हणून लागलो. पुढे मेंटेनर झालो. त्या काळी आमच्या स्टेशनच्या दोन्ही टोकांना दोन केबिनी होत्या. केबिनीत लिव्हरची रांग, लिव्हरला जोडलेल्या तारा आणि रॉड. लिव्हरमन अंगाचा भार टाकून लिव्हर ओढायचा, तेव्हा पाचशे-सहाशे मीटरवर सिग्नलचा हात खाली पडायचा. थंडीत तार आखडायची, उन्हाळ्यात सैल व्हायची, आणि आमचे निम्मे आयुष्य ती तार कसण्यात आणि सांध्यांना तेल-ग्रीस देण्यात जायचे. मग वरून हुकूम आला की केबिनी बंद होणार आणि स्टेशन मास्तरांच्या खोलीत पॅनेल बसणार. बटण दाबले की मोटर फिरणार, सांधा बदलणार, सिग्नल लागणार. व्यवस्थापनाच्या भाषेत याला नवोपक्रम म्हणतात. आम्ही त्याला 'पॅनेल आले' एवढेच म्हणत होतो.

त्या वेळची एक गोष्ट सांगतो. आमच्या हाताखाली कुणी नव्हते. आम्हीच एका जुन्या मेंटेनरच्या हाताखाली होतो. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्रींचे शिक्षण चौथीपर्यंत, पण खिशात नेहमी एक लहान डायरी आणि पेन्सिलीचा तुकडा. कोणत्या पेटीत कोणती तार कुठे गेली आहे, कधी बदलली, का बदलली, हे सगळे त्यात लिहिलेले. पॅनेल चालू करायचा दिवस ठरला. मुख्यालयातून नकाशे आले, ठेकेदाराची माणसे आली, अधिकारी आले. रुळाकडेच्या एका पेटीत नव्या सिग्नलची जोडणी करायची होती. नकाशात त्या केबलमधील एक कंडक्टर रिकामा दाखवला होता, आणि नवी तार त्याच्यावर यायची होती.

मिस्त्री म्हणाले, हा रिकामा नाही साहेब. दोन पावसाळ्यांपूर्वी केबल तुटली तेव्हा रात्रीत फाटकाचे लॉक चालू करायला आपण हाच घेतला होता.

साहेब म्हणाले, नकाशावर मंजुरीची सही आहे, नकाशाप्रमाणे करा.

मिस्त्री काही बोलले नाहीत. पेटीचे दार लावून घेतले आणि दाराला पाठ लावून खाली बसले. अर्धा तास गेला, तास गेला. वेळापत्रक कोलमडू लागले, कंट्रोलचे फोन सुरू झाले. अखेर एका तरुण इन्स्पेक्टरने मीटर आणून त्या 'रिकाम्या' कंडक्टरला लावला. काटा हलला! त्याच्यावर फाटकाच्या लॉकचा चालू प्रवाह होता. नवी तार त्याच्यावर चढली असती, तर कोणत्या सिग्नलला कुठला प्रवाह मिळाला असता, हे आज विचार केला तरी अंगावर काटा येतो.

काम दोन-अडीच तास उशिरा सुरू झाले. नकाशा दुरुस्त झाला. आणि आठ दिवसांनी मिस्त्रींच्या हातात विलंबाबद्दल स्पष्टीकरण मागणारे पत्र पडले. ते पत्र मागे घ्यायला लावणे, हे आमचे युनियनमधील पहिले काम.

बंधूंनो, अंमलबजावणी म्हणजे काय, हे आम्हाला त्या पेटीजवळ कळले. धोरण नकाशावर असते. ते ज्या तारांवर उतरवायचे त्या मात्र पावसात तुटलेल्या आणि रात्री-बेरात्री सांधलेल्या असतात. नकाशा आणि तार यांच्यात जे अंतर पडलेले असते ते वरच्या कुणाला ठाऊक नसते. ते मिस्त्रींच्या डायरीत असते. ती डायरी मागून घेतल्याशिवाय कोणताही नवोपक्रम नीट बसत नाही, आणि मागून घेण्याची रीत बहुतेक ठिकाणी नाही.

आता आपल्या बाजूचेही सांगितले पाहिजे. पॅनेलची बातमी आली तेव्हा आमच्या शाखेने पहिला ठराव केला तो 'केबिनी बंद होऊ देणार नाही' असा. आम्हीही हात वर केला होता. लिव्हरमन आणि केबिनमन यांच्या जागा जाणार होत्या; पोटाचा प्रश्न होता, त्यामुळे तो राग खोटा नव्हता. पण त्या ठरावात आम्ही बराच काळ घालवला. तेवढ्या काळात प्रशिक्षण किती दिवसांचे, नव्या यंत्रणेला मेंटेनर किती, जुने नकाशे तपासणार कोण, हे काहीच आम्ही विचारले नाही. पुढे जागा गेल्या त्या गेल्याच. माणसांना मात्र पॉइंट्समन, गेटमन वगैरे पदांवर सामावून घ्यायला लावले, एकही माणूस घरी बसू दिला नाही. पण हेच आधी केले असते, तर शिकायला तीन आठवड्यांऐवजी तीन महिने मिळाले असते. ही आमची चूक, आणि ती कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही.

बँकेतले साथी येथे आहेत. तुमच्याकडे १९८३ साली संगणकीकरणाबाबत मालक आणि संघटना यांच्यात करार झाला. यंत्र आणायचे की नाही यावर वर्षानुवर्षे लाठ्याकाठ्या चालल्यानंतर, कुठे आणायचे, किती आणायचे, कोणत्या अटींवर आणायचे, हे टेबलावर बसून लिहिले गेले. त्या करारावर टीका करणारेही होते. आमच्या मते त्यातील शिकण्याजोगी गोष्ट एवढीच, की यंत्राच्या अटी लिहिता येतात.

रेल्वेत चांगल्या अंमलबजावणीचे उदाहरण विचाराल तर आम्ही आरक्षणाचे देऊ. ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना जुनी आरक्षण कचेरी आठवत असेल. ठराविक गाडीची ठराविक खिडकी, एकेका गाडीचे एकेका तारखेचे जाडजूड रजिस्टर, आणि एका रांगेत दोन तास उभे राहिल्यावर 'तुमची गाडी पलीकडच्या खिडकीवर' असे उत्तर. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत संगणकाचा प्रयोग सुरू झाला. १९८६ साली या कामासाठी 'क्रिस' ही वेगळी संस्था काढली. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद ही केंद्रे झाली. पण दिल्लीच्या संगणकाला मुंबईचे कळत नव्हते. पाचही केंद्रे एकमेकांना जोडून देशात कुठूनही कुठलेही तिकीट काढता येऊ लागले ते १९९९ साली. म्हणजे पहिल्या खिडकीपासून जवळजवळ चौदा वर्षे लागली.

आजच्या घाईच्या दिवसांत चौदा वर्षे म्हटले की लोक हसतील. आम्ही म्हणतो, हसू नका. त्या चौदा वर्षांत एक-एक शहर घेतले, आणि एका ठिकाणी चुकले ते दुसऱ्या ठिकाणी सुधारायला वेळ मिळाला. आणि ज्या बुकिंग क्लार्कने वीस वर्षे रजिस्टर लिहिले होते, त्यालाच यंत्रापुढे बसवले. कोटा म्हणजे काय, प्रतीक्षा यादी कशी सरकते, परतीचे आरक्षण कुठे अडते, ऐन वेळी डबा बदलला तर काय करायचे, हे सगळे त्याच्या डोक्यात होते. यंत्र नवे होते, पण कामाचे ज्ञान जुनेच होते आणि ते फेकून दिले गेले नाही. शिवाय रांगेतल्या प्रवाशाला पहिल्याच दिवशी फरक दिसला, त्यामुळे क्लार्कला शिव्या कमी झाल्या. क्लार्कलाही ते यंत्र आपले वाटू लागले, त्यात नवल नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. पुढे देशभर २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह आला, पण मुंबईची लोकल डीसीवरच राहिली. गाड्या वाढल्या, डबे नवाचे बारा झाले, आणि डीसीला तो भार पेलवेना. बदलायचे म्हटले, तर रोज लाखो माणसे ज्या गाडीला लोंबकळून कामाला जातात ती गाडी एक दिवसही बंद ठेवता येत नाही. मग करायचे कसे? आधी दोन्ही प्रवाहांवर चालतील अशा गाड्या आणल्या. त्यामुळे अर्धा मार्ग डीसी आणि अर्धा एसी असला तरी गाडी अडेना. मग एकेक टप्पा बदलत नेला. तारेपासून पुलाचे अंतर पुरेना तेथे पूल उंच केला, नाही तर रूळ खाली घेतले. रविवारचे मेगाब्लॉक आणि रात्रीचे ब्लॉक यांत हे काम झाले. पश्चिम रेल्वेवर ते २०१२ साली पुरे झाले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ साली आणि हार्बरवर २०१६ साली.

यातला खालच्या माणसाचा भाग कुणी फारसा सांगत नाही. १५०० व्होल्टवर आयुष्य काढलेल्या माणसाचे हात आणि डोळे एका अंतराला सरावलेले असतात. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लावावा लागत नाही. दोन मीटरच्या आत जाणेही धोक्याचे मानले जाते. तेव्हा तारा बदलण्याबरोबर माणसांची सवयही बदलावी लागली. शिडी कुठे टेकवायची, लोखंडी पट्टी कशी उचलायची, पुलावर रंग देताना कुणाची परवानगी घ्यायची, हे पुन्हा शिकावे लागले. असे शिक्षण एका छापील परिपत्रकाने होत नाही. ते गँगच्या पेटीवर बसून, पुन्हा पुन्हा सांगून होते.

आता जी गोष्ट सांगायची ती सांगताना जीभ जड होते.

२ ऑगस्ट १९९९ रोजी पश्चिम बंगालमध्ये गैसल येथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. जवळजवळ तीनशे माणसे गेली. त्यानंतर आपल्या कोकण रेल्वेने टक्कर टाळणारे उपकरण तयार केले. कल्पना मोठी होती, आणि एका लहान महामंडळाच्या अभियंत्यांनी ती लढवली याचा आम्हाला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटला. कोकण रेल्वेवर आणि ईशान्य सीमा रेल्वेवर ते बसवलेही. पण जेथे चार-पाच रूळ शेजारी-शेजारी आहेत तेथे उपग्रहावरून आपली गाडी नेमकी कोणत्या रुळावर आहे हे ओळखताना गोंधळ होऊ लागला. नको तेथे ब्रेक लागल्याच्या तक्रारी आल्या. एकदा ड्रायव्हरचा यंत्रावरचा विश्वास उडाला की यंत्र असून नसल्यासारखे. ते उपकरण देशभर गेले नाही. पुढे लखनौच्या आरडीएसओने दुसरी यंत्रणा तयार केली. तिच्या चाचण्या दक्षिण मध्य रेल्वेवर झाल्या आणि जुलै २०२० मध्ये 'कवच' या नावाने ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. गैसलपासून एकवीस वर्षे. आरक्षणाच्या चौदा वर्षांत काम पुढे सरकत होते. या एकवीस वर्षांतला बराच काळ फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात गेला, असे आमचे मत आहे. वेळ देणे आणि वेळ घालवणे यांतला फरक हाच.

आणि २ जून २०२३. ओडिशातील बालासोर जिल्हा, बहानगा बाजार स्टेशन. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा लूपकडे लागलेला होता. गाडी वेगात लूपवर शिरून उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे डबे शेजारच्या रुळावर पडले आणि तेथून जाणाऱ्या हावड्याच्या गाडीलाही लागले. मृतांचा आकडा तीनशेच्या घरात गेला.

त्या दिवसांत सगळीकडे एकच प्रश्न विचारला जात होता, तेथे 'कवच' का नव्हते? प्रश्न बरोबरच होता. पण रेल्वेच्या अधिकाऱ्यांनीच सांगितले की, 'कवच' असते तरी ही टक्कर टळली नसती. कारण दोष त्याच्या खालच्या थरात होता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत जे निघाले आणि जुलै २०२३ मध्ये राज्यसभेत जे सांगण्यात आले ते असे: पूर्वी केव्हा तरी सिग्नलच्या जोडणीत फेरफार झाला, तो नीट झाला नाही, आणि त्या दिवशी ९४ क्रमांकाच्या फाटकाचा विजेवर उचलला जाणारा अडथळा बदलताना चुकीची जोडणी झाली. पेटीतल्या तारांवरील अक्षरे आणि प्रत्यक्ष तारा यांचा मेळ नव्हता, आणि ही गोष्ट कित्येक वर्षे कुणाच्या ध्यानात आली नव्हती. ज्या माणसांनी ते काम केले त्यांना त्या स्टेशनचा मंजूर नकाशा दिला गेला नव्हता, असेही आयुक्तांनी नोंदवले. आणि त्याच खरगपूर विभागात १६ मे २०२२ रोजी बांकरा नयाबाज येथे चुकीच्या जोडणीचा प्रकार घडला होता. त्याच वेळी धडा घेतला असता तर बहानगा घडले नसते, असेही त्यांनी म्हटले.

मित्रहो, आम्ही तो वृत्तांत वाचला तेव्हा डोळ्यांपुढे आमच्या मिस्त्रींची पाठ उभी राहिली. तीच पेटी, तोच नकाशा, तेच फाटक. फरक इतकाच की आमच्याकडे कुणी तरी दाराला पाठ लावून बसला.

चौकशीत पुढे तिघा रेल्वे कर्मचाऱ्यांना सीबीआयने अटक केली. न्यायालयाचे काम न्यायालय करील, आम्ही त्यावर बोलणार नाही. कामगाराने हलगर्जीपणा केला असेल तर त्याला पाठीशी घाला, असे आमच्या संघटनेने कधी म्हटलेले नाही. पण एक विचारू. मंजूर नकाशा न देता काम करून घेण्याची रीत पडली कशी? वर्षभर आधीच्या घटनेचा इशारा पुढच्या स्टेशनपर्यंत का पोहोचला नाही? हे प्रश्न अंमलबजावणीचे आहेत, आणि त्यांची उत्तरे पेटीजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे नाहीत.

आमच्या खात्यात एक कागद आहे, टी/३५१. त्याला डिस्कनेक्शन मेमो म्हणतात. सिग्नलच्या कोणत्याही गियरवर हात घालण्यापूर्वी मेंटेनरने तो स्टेशन मास्तरांना द्यायचा, त्यांनी सही करायची, मग गियर कामातून काढायचे. काम झाल्यावर तपासणी करून रिकनेक्शन द्यायचे. शिवाय रिले रूमला दोन कुलपे, एक किल्ली मेंटेनरकडे आणि एक स्टेशन मास्तरांकडे, म्हणजे एकट्याला आत शिरता येऊ नये. नियम उत्तम आहे. पण मेमो दिला की गाड्या थांबतात, गाड्या थांबल्या की वक्तशीरपणाचा आकडा घसरतो, आणि आकडा घसरला की फोन येतो, 'अरे, दोन मिनिटांचे काम, मेमो कशाला?' येथे बसलेल्या सिग्नलच्या साथींनी छातीवर हात ठेवून सांगावे, हा फोन कुणाला आला नाही? बहानगानंतर रिले रूमच्या कुलपांची आणि मेमोच्या शिस्तीची देशभर तपासणी झाली. वरातीमागून घोडे, पण झाली हे बरे झाले. ती शिस्त टिकते की नाही, हे पाहणे आपले काम.

जपानची गोष्ट प्राध्यापकांनी काल सांगितलीच. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते; दोष दिसला की त्याने ती ओढायची आणि काम थांबवायचे. त्यासाठी त्याला कुणी रागवत नाही. आपल्याकडेही गुणवत्ता मंडळे आली. १९८० च्या सुमारास हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरम येथील भेल कारखान्यात ती प्रथम सुरू झाली, आणि पुढे आमच्या वर्कशॉपपर्यंत आली. काही ठिकाणी कामगारांनी सुंदर सुधारणा करून दाखवल्या. पुष्कळ ठिकाणी मात्र ती फोटो आणि प्रशस्तिपत्र यांपुरती उरली. आमच्या मते कारण सोपे आहे. सूचना द्या म्हणून सांगितले, पण काम थांबवण्याचा अधिकार दिला नाही. आमचा डिस्कनेक्शन मेमो म्हणजे तीच जपानची दोरी आहे. ती आमच्या नियमपुस्तकात पूर्वीपासूनच आहे. ओढणाऱ्याला स्पष्टीकरण मागू नका, एवढेच आमचे मागणे.

आणखी एक गोष्ट धावती सांगतो. २००४ नंतरच्या काळात रेल्वेने मालगाड्यांत जास्त वजन भरायला परवानगी दिली, वाघिणींची फेरी सात दिवसांवरून पाच दिवसांवर आणल्याचे सांगितले, आणि अहमदाबादच्या आयआयएममध्ये त्याचा अभ्यासही झाला. उत्पन्न वाढले हे खरे. धोरण हुशारीचे होते. पण ते वाढीव वजन अखेर रुळावर, वेल्डवर आणि पुलावर पडते, आणि तेथून गँगमनच्या हातोड्यावर. उत्पन्नाचा आलेख सर्वांनी पाहिला. त्या वजनामागे किती गँगमन हवेत, याचा आलेख काढलेला निदान आमच्या पाहण्यात नाही.

मग आपण काय करायचे? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. कामाच्या पद्धतीत किंवा यंत्रात असा बदल करायचा की ज्यामुळे कामगार कमी होतील, तर मालकाने एकवीस दिवसांची नोटीस दिली पाहिजे, असे त्यात होते. गंमत अशी की, त्याच कलमाच्या परंतुकाने रेल्वे आस्थापना संहितेखालील कामगारांना त्यातून वगळले होते! म्हणजे आमच्या वाट्याला ते कलम आलेच नाही. आमच्याकडे आहे ती १९५२ पासूनची कायम वाटाघाट यंत्रणा, ज्याला आपण पीएनएम म्हणतो. तेथे विषय घालता येतो, इतिवृत्त निघते, आणि इतिवृत्त कोर्टातही दाखवता येते. पण आमच्या शाखांचे पीएनएमचे विषय पाहिले तर क्वार्टरची गळती, पाण्याची टाकी, ओव्हरटाइम, बदल्या. हे सारे हवेच. त्यांच्या जोडीला, 'अमुक स्टेशनच्या पेट्यांची मंजूर नकाशाशी शेवटची पडताळणी केव्हा झाली?' असा विषय आम्ही किती वेळा घातला? गेल्या काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही स्वतः एकदाही घातला नव्हता.

आता घालतो. 'कवच' आमच्या विभागात येण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा शाखेत दोन मते होती. काही तरुण म्हणाले, आले की पाहू. काही जुने म्हणाले, याने ड्रायव्हरवर आणखी एक पहारा बसणार. आम्ही म्हटले, आधी समजून घेऊ. रुळात बसवलेले टॅग, स्टेशनवरचे यंत्र, इंजिनातले यंत्र, मनोरे आणि ऑप्टिकल फायबर, एवढा सगळा पसारा आहे. यातले रुळातले टॅग गँगच्या कामात उखडले तर परत बसवणार कोण, सिग्नलवाला की गँगमन? रात्री दोन वाजता इंजिनातले यंत्र बंद पडले तर ड्रायव्हरने कुणाला विचारायचे, आणि उशीर कुणाच्या नावावर लिहायचा? मेंटेनरला शिकायला पाठवले तर त्या पंधरा दिवसांत त्याच्या सेक्शनवर कोण? हे तीन प्रश्न आम्ही लेखी दिले. अधिकारी चांगले होते, त्यांनी मान्य केले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडेही तयार नाही. दुसऱ्या बैठकीत दोन्ही खात्यांचे अधिकारी एकत्र बोलावले गेले. तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे शिकणाऱ्याच्या जागी बदली माणूस देण्यावर, अजून घोडे अडले आहे. रिक्त जागा भरल्याशिवाय ते सुटणार नाही, आणि आम्हीही तो विषय सोडणार नाही. जुलै २०२४ मध्ये या यंत्रणेच्या ४.० आवृत्तीला मान्यता मिळाली, म्हणजे जे आधी शिकले त्यांनाही पुन्हा शिकावे लागणार. शिकणे हे एकदाच करायचे काम राहिलेले नाही. त्याचा वेळ ड्यूटीत धरला पाहिजे. घरी जाऊन मोबाईलवर व्हिडिओ पाहा म्हणून सांगणे हे प्रशिक्षण नव्हे.

मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांच्याकडे ती डायरी मागितली. ते म्हणाले, तुला अक्षर लागणार नाही. खरेच लागत नव्हते. अर्धे मोडीसारखे, अर्धे त्यांच्याच खुणा. मग आठ-दहा रविवार त्यांच्या घरी बसून एकेक पान त्यांच्याकडून वाचून घेतले आणि वहीत उतरवले. त्यातल्या नऊ नोंदी तेव्हाच्या नकाशात नव्हत्या. त्या नऊही नंतर पेट्या उघडून तपासल्या. सात बरोबर निघाल्या. दोन मिस्त्रींच्या चुकल्या होत्या, आणि ते कळल्यावर म्हातारे आमच्यावर दोन दिवस बोलले नाहीत!

दुपारच्या सत्रात आम्ही एक तक्ता वाटणार आहोत. त्यात तुमच्या विभागात पुढच्या वर्षभरात कोणती नवी यंत्रणा येणार आहे, ती आज कोण चालवतो आणि त्याला आजवर कुणी काय विचारले, एवढे तीन रकाने आहेत. जेवणापूर्वी भरून दिलेत तर बरे. ज्यांचा तिसरा रकाना कोरा राहील त्यांनी कोराच द्यावा, लाजू नये.